बेटावर केव्हा जावे

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला लागून स्काय नावाचं एक बेट आहे. त्या बेटावर नेमकं कोणत्या महिन्यात जावं याचा जेवढा विचार वाशीमला राहणाऱ्या माझ्या मामांनी केला, तेवढा खुद्द स्कॉटलंडात जन्मलेल्या एकाही माणसाने केला नसेल, हे मी छातीठोकपणे सांगतो. अकरा वर्षं त्यांनी तो विचार केला. सकाळी कडुनिंबाची काडी चघळताना केला, दुपारी ओसरीवरच्या बाजेवर लवंडून केला, गड्याला शेतावर पाठवता पाठवता मध्येच थांबून केला आणि एकदा तर सत्यनारायणाच्या पूजेत संकल्प सोडायला ओंजळीत पाणी घेतलेलं असताना केला. पाणी बोटांतून गळून गेलं आणि भटजींना पळी पुन्हा भरावी लागली. मामा स्वतः आयुष्यात अकोल्याच्या पलीकडे गेले नाहीत. अकोल्यालासुद्धा एकदाच गेले, कोर्टाच्या तारखेला, आणि तेही तारीख उलटून गेल्यावर, कारण तारखेच्या दिवशी ऊन फार होतं.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. चाळीसेक एकर काळी जमीन, ती बटईने लावलेली, त्यामुळे हाताला काम नाही आणि डोक्याला सवड भरपूर. उंच, सावळे, मिशा पांढऱ्याशुभ्र, डोक्याला रुमाल, आणि बोलताना उजव्या हाताचं एक बोट असं वर धरलेलं की समोरच्याला वाटावं, हे वारा कुठून येतो ते बघताहेत. जगातल्या प्रत्येक गोष्टीला तिचा असा एक अचूक मौसम असतो आणि तो साधल्याशिवाय ती गोष्ट करणं हा निव्वळ गावंढळपणा आहे, असं त्यांचं ठाम मत होतं. कुणी काही करू लागलं की बोट वर जायचं. "घाई काहून करता? मौसम येऊ द्या." मौसम मात्र सहसा यायचा नाही. घरावरचे कवेलू फेरायचे तर उन्हाळ्यात गड्याच्या पायाला चटके बसतात, पावसाळ्यात छप्पर उघडं टाकणार कोण, आणि हिवाळ्यात दिवस एवढा लहान की काम अर्धवट राहून जातं. त्यामुळे माजघरात जिथे गळायचं तिथे एक पितळी गंगाळ बारा महिने मांडलेलं असे आणि मामी जमीन सारवायची ती त्या गंगाळाला वळसा घालून. पेरू संक्रांतीआधी खाल्ला तर घसा धरतो आणि संक्रांतीनंतर त्यात अळ्या पडतात, म्हणून मामांनी पेरू खाल्लेला मी कधी पाहिला नाही. अनसिंगला त्यांचे एक जुने स्नेही वारले तेव्हा दुःख ताजं असताना पत्र लिहून घरच्यांना आणखी रडवू नये, असा पोक्त विचार करून ते थांबले. पत्र पोचलं ते वर्षश्राद्धाच्या दिवशी, पानं मांडलेली असताना. त्यात लिहिलं होतं, 'अकस्मात बातमी ऐकून धक्का बसला.' अनसिंगच्या लोकांनी ते पत्र पंगतीत मोठ्याने वाचलं आणि घरात वर्षभरात पहिल्यांदा सगळे हसले, असं मला नंतर कळलं. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाह्यलं? वेळेवर पोचलं."

आता हा माणूस आणि ते बेट यांची गाठ कशी पडली ते सांगतो. गावाबाहेर कापसातली सरकी काढायचं एक जीन होतं आणि तिथल्या यंत्रावर एक स्कॉच साहेब होता. तो नोकरी संपवून मायदेशी निघाला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं. मामा गेले होते आरामखुर्ची घ्यायला. खुर्ची होती, उत्तम होती, पण चैत्रात घेतलेलं लाकूड तडकतं असं त्यांना ऐनवेळी आठवलं आणि खुर्ची दुसऱ्याच कुणी नेली. रिकाम्या हाताने कसं परतायचं म्हणून मामांनी रद्दीचं एक गाठोडं उचललं. त्यात होतं ते पुस्तक: जाड, हिरव्या कापडी बांधणीचं, पानापानावर चित्रं. करवतीच्या दातांसारखे डोंगर, त्यांच्या पायाशी काळं पाणी, गवताने शाकारलेली ठेंगणी घरं. मामांनी पहिलं चित्र उघडलं आणि त्यांचा जीव जो त्या बेटात अडकला तो अडकला.

मामांना इंग्रजी येत नव्हतं. मी त्या सुमारास नुकताच बी.ए. होऊन वाशीमच्या शाळेत इंग्रजीचा मास्तर झालो होतो आणि मामांच्याच घरी राहत होतो. म्हणजे माझी धडगत नव्हती. रोज शाळेतून आलो, हातपाय धुतले की मामा बाज झटकून मला जागा करून देत आणि म्हणत, "चाल बापू, निघू." त्या पुस्तकात इतिहास होता, गाणी होती, मासेमारी होती, मामांना त्यातलं काही नको असे. त्यांना हवं असे एकच प्रकरण: 'या बेटावर केव्हा यावे'. लेखकाने त्यात एकेका महिन्याला एकेक पान दिलं होतं. प्रत्येक पानात पहिल्या अर्ध्यात त्या महिन्याची तारीफ आणि उरलेल्या अर्ध्यात त्याच महिन्याची निंदा. लेखक फार प्रामाणिक असावा, नाहीतर मामांचाच कुणी लांबचा नातेवाईक असावा.

मामांनी ते महिने आपल्या नक्षत्रांवर बसवले आणि तिथेच सगळा घोळ सुरू झाला. पुस्तकात लिहिलं होतं की मे आणि जूनचा आरंभ हे दिवस तिथे सर्वांत कोरडे. मामांनी बोट वर केलं. "जूनात मिरग निंघते. मिरग कोरडा?" मी म्हटलं, मामा, तिथे मृगाचा पाऊस नसतो. "आभाय एकच हाये ना बापू? नक्षत्र काय इंग्रज पाहून बदलते?" शेवटी ही छापखान्याची चूक ठरली आणि मामांच्या सांगण्यावरून मी मास्तर असूनही तिथे पेन्सिलने 'ओला' असं लिहिलं. पुढे आलं की जूनमध्ये तिथे रात्री दहा वाजेपर्यंत सूर्य मावळत नाही. मामांचा नेम दिवेलागणीला जेवायचा. दहाला दिवेलागण म्हणजे उपासमार, जून बाद. जुलैत चावरी चिलटं, इतकी की गुरंसुद्धा पाण्यात जाऊन उभी राहतात, जुलै बाद. ऑगस्टात डोंगरच्या डोंगर जांभळ्या फुलांनी झाकून जातात हे ऐकून मामांनी डोळे मिटले, बराच वेळ मिटलेलेच ठेवले, मला वाटलं की आता ठरलं. पण ऑगस्ट म्हणजे श्रावण, चातुर्मासात समुद्र ओलांडायचा कसा? सप्टेंबरात पितृपक्ष. ऑक्टोबरात तिथे वादळं. डिसेंबरात सूर्य नऊला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. एवढ्याशा उजेडात पाहणार काय? मार्च-एप्रिल त्यांनी सर्वांत जास्त दिवस हातात धरून ठेवले, अगदी दोन वर्षं. मग एकदा मी वाचलं की त्या दिवसांत तिथल्या मेंढ्या वितात आणि घरचं माणूस न् माणूस रानात असतं. मामा ताठ उठून बसले. आमच्याकडे पेरणीच्या किंवा वेचणीच्या दिवसांत कुणाच्या घरी पाहुणा म्हणून जाऊ नये, असा रिवाज आहे. यजमान बिचारा तोंडाने 'या' म्हणतो आणि मनात नांगर धरतो. "मेंढरं सोडून ते लोक मायासाठी चुलीपाशी बसतीन काय? आपल्याले शोभत नाही." अशा रीतीने ज्यांना मामांचं नावही ठाऊक नव्हतं त्यांची अडचण होऊ नये म्हणून एप्रिलही गेला.

गावाने त्यांची चेष्टा मांडली होती हे सांगायला नको. बाजारात लोक विचारत, "मामा, बेटावर कवा?" मामा चिडत नसत. थांबून खुलासा करत, आणि खुलासा इतका लांबे की विचारणाऱ्याचीच गाडी निघून जाई. मीही तेव्हा हसायचो. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मामांच्या नकला करायचो, बोट वर करून. त्या नकला चांगल्या व्हायच्या. आज त्यातली एकही करून दाखवावीशी वाटत नाही, कारण ह्या सगळ्या वर्षांत घरात आणखी एक माणूस कुठेतरी जायला निघालेलं होतं आणि त्याच्याकडे आम्हा दोघांचं लक्ष नव्हतं.

ते माणूस म्हणजे मामी. तिला जायचं होतं किन्हीराजाला. वाशीमहून मालेगाव, तिथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत किन्हीराजा. बैलगाडीने एवढीच वाट. तिथे तिची थोरली बहीण राहत होती. मामी तीन वर्षांची असताना त्यांची आई गेली आणि ह्या बहिणीने, जी तेव्हा स्वतः बारा वर्षांची होती, तिला कडेवर घेऊन वाढवलं. मामी तिला 'बाई' म्हणायची. दोघींची शेवटची भेट बाईंच्या मुलाच्या लग्नात झालेली, त्यालाही सात-आठ वर्षं होऊन गेलेली. मग एकदा ज्येष्ठात तो मुलगा गाडी घेऊन वाशीमच्या बाजाराला आला तो निरोप घेऊनच आला. ओसरीच्या पायरीवर बसून, हातातली चिलीम न पेटवताच तो म्हणाला, "मायचा एक डोया गेला. दुसऱ्यानं धुरावानी दिसते. म्हनते, दिसते तवरी धाकटीले एकडाव पाहून घेऊ द्या. मावशीले आताच घेऊन जाऊ काय, काकाजी?"

मामी आतल्या दाराशी उभी होती. तिच्या हाताला पीठ होतं.

मामा म्हणाले, "नेतो ना! कोन नाई म्हनते? पन तुयासंगं कशी पाठवू? मी त्या घरचा जावई. मी सोता आनीन, मानानं आनीन, चार दिवस राहू. पन आता मिरग तोंडावर हाये. नाले भरले म्हंजे मधातच अडकाव लागते. घाई काहून करता?"

मुलगा गेला. जावयाने एकदा स्वतः आणतो म्हटल्यावर त्याचा शब्द डावलून त्याच्या बायकोला गाडीत बसवून नेणं आमच्याकडे कुणी करत नाही. ते त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं होतं. म्हणजे तो जो 'नेतो ना' होता, त्यानेच तिच्या सगळ्या वाटा बंद झाल्या. पावसाळाभर नाल्यांना पाणी होतं. दसऱ्यानंतर कापूस वेचणीला आला आणि बाईंच्या घरी माणसांना उसंत नसणार, म्हणून थांबलो. थंडी पडली तर मामांना सांधे धरल्याची शंका आली. शिमगा झाल्यावर ऊन लागू लागलं आणि बैलांचा जीव तो जीवच असतो. पाहता पाहता पुन्हा ज्येष्ठ आला. ज्या तोंडाने स्कायचे महिने बाद होत होते त्याच तोंडाने किन्हीराजाचेही महिने बाद होऊ लागले. फरक एवढाच की स्कायला वाट पाहणारं कुणी नव्हतं. मी एकदा म्हटलं, मामा, मी नेतो मामींना, मला सुट्टी आहे. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना म्हातारं ठरवून कोपऱ्यात बसवायला निघालोय. "मी हातीपायी धड असताना भाच्यासंगं पाठवू?" मी पुन्हा बोललो नाही. मला तपासायचे पेपर होते.

दुसऱ्या वर्षीच्या पौषातली एक दुपार. मामा जेवून झोपले होते. मी ओसरीवर ते पुस्तक चाळत होतो. मामी अंबाडीची भाजी निवडत माझ्यासमोर येऊन बसली. भाचा म्हणून ती मला कायम 'तुमी' म्हणायची. पानं खुडता खुडता ती आवाज खाली आणून म्हणाली,

"बापू, एक इचारू? तुमी त्यायले हे वाचून दाखोता, ते त्यातलं समदं खरं मानतात."

"हो."

"मंग एक ओळ जास्तीची वाचा ना. म्हना, त्या बेटाले जायाच्या आधी मानसानं आपल्या बायकोले तिच्या बहिनीकडं नेऊन आनाव. माघातच नेऊन आनाव. एवढंच. कोनाले कायले समजते?"

मी हसलो. खरंच सांगतो, मला ते गमतीचं वाटलं. आणि हसून झाल्यावर मी बी.ए. झालेल्या माणसाच्या आवाजात म्हणालो, "मामी, पुस्तकात नाही ते मी कसं वाचू? ते खोटं होईल."

मामीने निवडलेली भाजी टोपल्यात टाकली. "मले इंग्रजी येत असतं, बापू, तं मीच वाचलं असतं," ती म्हणाली आणि आत गेली.

ज्याने चांगल्या छापील ओळीवर पेन्सिलने 'ओला' लिहिलं होतं, तोच मी. मामांच्या हट्टासाठी पुस्तक खोटं करायला माझा हात अडखळला नव्हता. मामीच्या एका ओळीसाठी मात्र मला सत्य आठवलं. माणसाला आपल्या मूर्खपणाची लाज वाटते ती कधीतरी बोथट होते. ही होत नाही.

तो माघ तसाच गेला. पुढच्या वर्षीच्या माघात मात्र एका सकाळी मामा अंगणात उभे राहिले, बोट वर केलं, चारी दिशांना पाहिलं आणि म्हणाले, "आता. गाडी काढा." मौसम आला होता. मीही बरोबर गेलो. त्या दोन दिवसांसारखे दिवस मी वऱ्हाडात फार थोडे पाहिले असतील. नाल्यांना घोटाभर निर्मळ पाणी, वाट खडखडीत, ऊन अंगाला लागतही नव्हतं. दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यावर आला होता, करडई पिवळी झाली होती, मालेगावच्या पुढे तर रस्त्याच्या कडेने जवसाची निळी फुलं वाऱ्याने हलत होती. मामा गाडीत पुढे बसून राजासारखे पाहत होते. "सांगत नोतो? चिखल हाये काय? घाम हाये काय? अशा टायमाले निंघाव लागते." मामी मागे बसली होती. तिने नवं लुगडं नेसलं होतं आणि मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा घट्ट धरला होता. माझ्याकडे पाहून ती एकदा हसली. ते हसू पाहून मला वाटलं, चला, उशीर झाला पण निभावलं.

बाई ओट्यावर बसल्या होत्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकून त्यांनी मान वळवली. पण गाडी थांबली होती उजवीकडे आणि त्या पाहत होत्या समोरच्या गोठ्याच्या भिंतीकडे, जिथून तो आवाज उलटून येत होता. मामीने ते गाडीतूनच पाहिलं. उतरायला खाली सोडलेला तिचा पाय तसाच राहिला.

"बाई," ती म्हणाली.

"आली काय वं?" म्हातारीने दोन्ही हात पुढे केले. "ये. अशी जवळ ये. मले आता हातानंच पाहा लागते."

दिवाळीच्या सुमाराला दुसराही डोळा गेला होता. मामांनी बाईंच्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "मंग कळोलं काहून नाई?" तो शांतपणे म्हणाला, "कळवून काय करता, काकाजी? तुमी मौसम पाहून येनारच होते." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मामांना उत्तर तरी देता आलं असतं.

ओट्यावर बाई मामीच्या तोंडावरून बोटं फिरवत होत्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. "गाल बसले तुये," त्या म्हणाल्या. मग बोट ओठांपाशी थांबलं. "हा दात पडला काय वं?"

"पडला. दोन वर्सं झाले."

"मले कोनी सांगतलं नाई." मग त्यांनी मान हलवली. "ऱ्हाऊ दे. मले तू पोराच्या लग्नातलीच दिसते. तेच बरं हाये." आणि मग, पाहुण्याचा मान करायचा राहिला हे आठवून, त्यांनी चेहरा भलत्याच दिशेला वळवून विचारलं, "जावई, बसा ना. वाटेत तरास नाई ना झाला?"

मामांचं बोट सवयीने वर निघालं होतं. "नाई," ते म्हणाले. "हवा लय चांगली होती." आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू गेलं असावं. बोट खाली आलं. मामा ओट्याच्या कडेला आमच्याकडे पाठ करून बसले आणि तिन्हीसांजा होईपर्यंत तिथून हलले नाहीत. मी त्यांच्यावर इतका संतापलो होतो की त्यांच्याजवळ जाऊन बसलो नाही. आणि माझा स्वतःचा हिशेब डोक्यात उघडू नये म्हणून बाईंच्या मुलाबरोबर हरभऱ्याच्या भावाबद्दल बोलत राहिलो.

चौथ्या दिवशी मामा म्हणाले, "निंघाचं काय?" मामी बाईंचे केस विंचरत होती. वर न पाहता ती म्हणाली, "तुमी व्हा म्होरं. मी इथंच राहीन."

"कवा येशीन मंग?"

"पाहू."

लग्नाला तीस वर्षं झाली होती. त्या घरात मामांनी 'पाहू' म्हणायचं आणि मामीने ऐकायचं अशी रीत होती. मामा उठले आणि गाडीत जाऊन बसले. वाशीमला परतेपर्यंत दोन दिवसांत ते एवढंच बोलले की बैलांना पाणी पाजा.

मग आम्ही दोघंच त्या घरात उरलो. मी भात करायचो, तो खाली लागायचा. मामा वरण करायचे, त्यात मीठ नसायचं. ते पुस्तक वाचून दाखव असं त्यांनी पुन्हा कधी म्हटलं नाही आणि मीही विषय काढला नाही. बाजारातले लोक विचारत, "मामा, बेटावर कवा?" आणि मामा मान खाली घालून पुढे जात. लोकांची मजा गेली. दोन महिन्यांनी कुणी विचारेनासं झालं. मला वाटायचं की हे आता खचले आणि, कबूल करतो, मला त्याचं फारसं वाईट वाटत नव्हतं.

आज मामा नाहीत. बाई तर त्याच वर्षी भाद्रपदात गेल्या. मामी शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होती आणि नंतर वाशीमला परत आली, ती कुणी आणायला गेलं म्हणून नाही, तिला यायचं तेव्हा आली. मामांची आठवण निघाली की गावातले जुने लोक अजून ते बेट काढतात, हसतात. मला आठवतो तो बाई जाण्याआधीचा एक आषाढ. चार दिवस झड लागली होती, नाले दुथडी वाहत होते, मालेगावची वाट बंद होती. असल्या दिवसांत कुत्रंही ओसरी सोडत नाही. मी शाळेतून आलो तर मामा घरात नव्हते. शेजारी म्हणाले, सकाळीच निघाले, पायी, डोक्यावर गोणपाट घेऊन. सहा दिवस त्यांचा पत्ता नव्हता. सातव्या दिवशी दारात येऊन उभे राहिले ते मांड्यांपर्यंत चिखलाने भरलेले, रुमाल कुठे वाहून गेलेला, एका पायात वहाण नाही.

मी ओरडलोच त्यांच्यावर. "मामींना आणलं नाहीत? मग गेलात कशाला एवढ्या पुरात?"

"आनाले नोतो गेलो, बापू," मामा म्हणाले. "भेटाले गेलतो. दोघीयले."

मी पाणी तापवलं. पायरीवर बसून ते पाय धूत होते, चिखलाचे पोपडे निघत होते. मग एकाएकी त्यांना हसू आलं. हसता हसता डोळे पुसू लागले. "बाई लय बोलल्या मले. म्हने, अक्कल हाये काय, जावई? अशा पान्यात कोनी घराबाहेर पडते? धा डाव बोलल्या. अन् मंग हात धरून चुलीपाशी बसोलं. सोडेच ना हात."

मामांचं एकही कोरडं धोतर शिल्लक नव्हतं. मी माझं दिलं. ते त्यांना आखूड झालं. रात्रभर पाऊस पडतच होता, सकाळीही थांबला नव्हता. चहा घेऊन होताच मामांनी कोपऱ्यातलं गोणपाट झटकलं, डोक्यावर घेतलं आणि माझ्या त्या आखूड धोतरातच पुन्हा किन्हीराजाच्या वाटेला लागले.